सीपीयू विकायच्या आधी

सांगली,
रविवार, सकाळ

चि. सोन्यास,


तुझा मेसेज काल रात्री वाचला. व्हॉट्सअ‍ॅपवरच उत्तर दिलं असतं, तर तू त्याला एक अंगठा चिकटवला असतास आणि तुझ्या मनातलंच केलं असतंस. म्हणून बसून लिहितेय. अक्षरजुळणीचं दुकान आज बंद आहे, लग्नसराईही ओसरलीय.

तू लिहिलंयस ते असं: परदेशातली एक नवी कंपनी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून एक फोन बनवणार आहे. खिशात असताना फोन, मॉनिटरला जोडला की कॉम्प्युटर. किंमत तुझ्या दीड पगाराएवढी. त्यातले थोडे पैसे उभे करायला घरचा डेस्कटॉप विकायचा, कारण मग त्याचं काम काय उरलं? आणि शेवटी, "मावशी, तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतेस, तूच सांग."

सांगते. पण ह्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. फोन कॉम्प्युटरची जागा घेईल का, हा एक. जो फोन अजून जन्मालाच आलेला नाही त्याला आज पैसे द्यावेत का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' धरून तू दुसऱ्यात उडी मारतोयस. मी उलट्या टोकाकडून सुरुवात करते, कारण खिशाला भोक दुसऱ्याने पडणार आहे.

ह्या कल्पनेला मी हसणार नाही. २०१३ साली तिच्यापायी मीही रात्री जागलेय.

उबंटू ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम तुला ठाऊक आहे. मला ते पोस्टमनने आणून दिलं होतं. त्या काळी मागणी नोंदवली की उबंटूची सीडी परदेशातून घरी यायची, टपालखर्चासकट फुकट. इथल्या इंटरनेटवर सातशे एमबी उतरवायला अख्खी रात्र पुरत नसे, तेव्हा त्या पाकिटाचं काय अप्रूप होतं ते तुला कळायचं नाही. त्यामागे लंडनची कॅनॉनिकल ही कंपनी आणि तिचा संस्थापक मार्क शटलवर्थ, २००२ मध्ये पदरचे पैसे घालून अंतराळात जाऊन आलेला माणूस. अशा माणसाने फोन बनवतो म्हटल्यावर विश्वास बसतो.

२०१३ च्या जुलैत त्याच कंपनीने लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या इंडिगोगोवर 'उबंटू एज' ह्या फोनसाठी मोहीम उघडली. साडेचार इंची पडदा, त्यावर नीलमण्याच्या स्फटिकाची काच, ४ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला की पूर्ण उबंटू डेस्कटॉप. मोटारींच्या कंपन्या फॉर्म्युला वनच्या शर्यतीत नवं तंत्र आजमावतात, तसा हा फोन, असं त्यांचं म्हणणं. सुमारे ४०,००० फोन बनवायचे आणि त्यासाठी महिनाभरात ३ कोटी २० लाख डॉलर जमवायचे. पहिल्या दिवशी येणाऱ्यांना ६०० डॉलर, मग ८३०, पुढे दर ६९५ वर आला. ८३० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास हजार रुपये. तेवढ्यात माझ्या दुकानात दोन नवे कॉम्प्युटर आले असते. तरी मी कार्ड हातात घेऊन बसले होते. दिले नाहीत ते शहाणपणामुळे नव्हे, माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू नव्हता म्हणून.

पहिल्या चोवीस तासांत तीस लाख डॉलरच्या वर आले. ब्लूमबर्गसारख्या कंपनीने एकटीने ८०,००० दिले. महिना संपला तेव्हा सगळे मिळून १ कोटी २८ लाखांच्या आसपास जमले होते. त्या काळातल्या मोठ्यांत मोठ्या मोहिमांपैकी ती एक, आणि तरी ठरलेल्या आकड्याच्या चाळीस टक्क्यांवर अडकलेली. आकडा गाठला नाही तर सगळ्यांचे पैसे परत, असा त्या मोहिमेचा नियम होता. पैसे परत गेले. फोन झालाच नाही.

आता गंमत बघ. ज्यांनी पैसे घातले होते, त्यांचं ह्यात काहीच गेलं नाही. हरलेल्या मोहिमेतून माणूस सुखरूप घरी येतो. जीव टांगणीला लागतो तो जिंकलेल्या मोहिमेत, कारण तिथे पैसे खरोखर जातात आणि मग वाट बघणं सुरू होतं.

अमेरिकेतल्या प्युरिझम ह्या कंपनीने २०१७ मध्ये 'लिब्रेम ५' ह्या फोनसाठी मोहीम चालवली. लिनक्सवर चालणारा, मॉनिटरला जोडून डेस्कटॉप होणारा, अगदी तुझ्या स्वप्नातला. मागितले १५ लाख डॉलर, मिळाले २० लाखांच्या वर. फोन देण्याचा शब्द जानेवारी २०१९ चा. पहिले नग बाहेर पडायला २०१९ चा सप्टेंबर उजाडला, ठोक उत्पादनाला २०२० सरत आलं. मी हे फसवणुकीचं उदाहरण म्हणून सांगत नाही. त्यांनी फोन खरंच बनवला, आणि शून्यातून फोन बनवणं किती अवघड असतं तेही त्यातून दिसलं. पण बहुतेकांच्या हातात तो ३ जीबी रॅमचा फोन पडेस्तोवर बाजारातले साधे फोनही पुढे निघून गेले होते.

तुला हे सगळं नवं वाटतं. आमच्या धंद्यात ते फार जुनं आहे. आम्ही त्याला प्रकाशनपूर्व सवलत म्हणतो. पाच खंडांचा ग्रंथ, आज नोंदणी केलीत तर निम्म्या किमतीत. असल्या खंडांची पानं मी लावलीत. तिसऱ्या खंडाची मुद्रितं लेखकाकडून आठ-आठ महिने परत येत नाहीत, दरम्यान कागद महागतो, आणि नोंदणी केलेला एखादा निवृत्त मास्तर दर पाडव्याला फोन करून विचारतो, "आला का हो खंड?" त्या मास्तरांना वाटतं आपण पुस्तक विकत घेतलंय. प्रकाशकाला पक्कं ठाऊक असतं की त्यांनी त्याला भांडवल दिलंय, तेही बिनव्याजी. इंडिगोगोसारख्याच किकस्टार्टरने तर २०१२ मध्येच जाहीर लिहून टाकलं होतं की आम्ही म्हणजे दुकान नव्हे.

मीही एकदा मास्तर झालेय. कार्ड सुरू झाल्यावर एका परदेशी मोहिमेत फोनला जोडायचा घडीचा कीबोर्ड मागवला होता. सहा महिन्यांत येणार होता, वीस महिन्यांनी आला. वर कुरिअरवाल्याने सीमाशुल्क मागितलं. उघडून बघते तर त्याची वायर जुन्या मायक्रो-यूएसबीची, आणि माझा फोन एव्हाना टाइप-सीचा झालेला. तो अजून कपाटात आहे. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी हातात येतो, दरवर्षी परत आत जातो.

तेव्हा पैसे घालायच्या आधी त्या मोहिमेला चार प्रश्न विचार. आकडा गाठला नाही तर पैसे परत, की जमतील तेवढे ते ठेवून घेणार? चालता नमुना हातात धरून दाखवलाय, की नुसती चकाचक चित्रं? ह्या माणसांनी आधी एक तरी फोन बनवून लोकांच्या हातात दिलाय का? आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठल्या देशात पाठवायचा? पैकी दोन उत्तरं जरी गुळमुळीत निघाली, तर कार्ड पाकिटात ठेव.

आता पहिला प्रश्न: फोन डेस्कटॉपची जागा घेईल का?

उबंटू एजचे आकडे परत वाच. ४ जीबी, १२८ जीबी. २०१३ मध्ये ते ऐकून आमचे डोळे विस्फारले होते. आज दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये तेवढं असतं. म्हणजे ज्या ताकदीसाठी ती मोहीम होती, ती ताकद भाजीवाल्याच्या खिशातही येऊन बसली. मग डेस्कटॉप गेले का? तुझ्या ऑफिसात बघ, तलाठ्याच्या कचेरीत बघ, माझ्या दुकानात बघ. गाडं ताकदीपाशी अडलेलंच नव्हतं.

मोठमोठ्यांनी हात पोळून घेतलेत ह्यात. मोटोरोलाने २०११ मध्ये अ‍ॅट्रिक्स फोन काढला. त्याच्यासोबत लॅपटॉपसारखी दिसणारी खोळ मिळायची. पडदा, कीबोर्ड, बॅटरी सगळं तिच्यात, डोकं मात्र फोनचं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते गुंडाळलं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ल्युमिया ९५० सोबत 'कंटिन्युअम' आणलं. मॉनिटरवर विंडोज दिसायचं, पण नेहमीचे विंडोजचे प्रोग्रॅम त्यावर चालायचे नाहीत, कारण फोनची चिप वेगळ्या जातीची. ओळखीच्या घराचं दार उघडावं आणि आत भलतंच बिऱ्हाड दिसावं, तसं. कॅनॉनिकलने २०१७ च्या ५ एप्रिलला फोनचा नाद सोडल्याचं जाहीर केलं. आणि योग असा, की बरोब्बर आठवडाभर आधी, २९ मार्चला, सॅमसंगने गॅलेक्सी एस८ सोबत 'डेक्स' दाखवलं होतं. फोन मॉनिटरला लावायचा, खिडक्या उघडायच्या, काम करायचं. ते अजून चालू आहे. २०२५ मध्ये गूगलनेही सांगितलं की सॅमसंगच्या साथीने अशी सोय अँड्रॉइडमध्येच आणतोय.

म्हणजे ज्या फोनची तू वाट बघायला निघालायस, त्या जातीचा फोन दुकानात मिळतो. हात लावून बघता येतो, आवडला नाही तर मागे फिरता येतं. न झालेल्याला पैसे देण्याचं कारण तिथेच अर्धं संपतं.

उरलेलं अर्धं मी गेल्या आठवड्यात दुकानात बघितलं. तू विचारायच्या आधीपासूनच डोक्यात किडा होता. टाइप-सीचा एक हब आणला आणि आधी माझाच फोन मॉनिटरला जोडला. फोन चार्ज व्हायला लागला, माउस फिरायला लागला, मॉनिटर काळाच. तेव्हा कळलं की टाइप-सीचं तोंड असलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही. कमी किमतीच्या बहुतेक फोनांत ती सोयच नसते. मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मुलाचा महागातला फोन मागून आणला. तो लावताक्षणी मॉनिटरवर टेबल मांडल्यासारखं सगळं आलं. अकरापर्यंत मी त्यावर मेलना उत्तरं दिली, एका शाळेचं दरपत्रक केलं, शीटमधली उधारी तपासली. कबूल करते, मजा आली. घटकाभर वाटलं, सोन्याचं खरं आहे.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक गेल्या साली छापलेली पत्रिका घेऊन आलं. "ताई, हीच. नावं आणि मुहूर्त तेवढा बदला." पेनड्राइव्ह हबला लावला. पत्रिकेची मूळ फाइल काही उघडेना. मजकुराची वेगळी फाइल होती, ती उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, टक्क्याची चिन्हं आणि रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात लावलेला मजकूर तो. फॉन्ट हलला की देवनागरीही हलली. माझं पंचवीस वर्षांचं काम तसल्या फायलींत पडलंय. मी डोकं खाजवतेय तोवर त्या पोराच्या आईचा फोन आला. त्याने वायर उपसली आणि "हां मम्मी" करत बाहेर गेला. मॉनिटर परत काळा. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय आणि मी मॉनिटरकडे.

फाइलचं दुखणं माझ्या धंद्याचं आहे, ते सोडून दे. वायर उपसली गेली, ती गोष्ट मात्र तुझ्या घरची आहे.

तुझे बाबा, आमचे दाजी, सोसायटीचे हिशेब कशावर लिहितात? टॅलीत, आणि टॅली विंडोजवर चालतं. तुझी बहीण छोटी तिचे फॉर्म कुठे भरते, हॉलतिकीट कुठून छापते? तुझी आई नातवंडांचे फोटो कुठे साठवते? तो सीपीयू तुझ्या पैशाने आला असेल, पण आता तो घराचा झालाय, पिठाच्या डब्यासारखा. तू सकाळी आठची कोल्हापूरची गाडी पकडलीस की घरचा कॉम्प्युटर तुझ्या खिशातून कोल्हापूरला निघाला. सभेच्या आदल्या दिवशी दाजींनी ताळेबंद काय तुझ्यामागे गाडीत बसून काढायचा? आणि एखाद्या दिवशी तो फोन गर्दीत मारला गेला, तर फोन, बँक, कागदपत्रं आणि कॉम्प्युटर एका दमात गेले.

उष्णतेचंही बघ. साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर ६५ वॉटच्या आसपास वीज खातो आणि त्याची धग पंखा बाहेर फेकतो. फोनला सहसा पंखा नसतो. चार-पाच वॉटच्या वर तो फार वेळ तग धरत नाही, मग आपला वेग आपणच उतरवतो. दोन मिनिटांच्या कामात तो तुझ्या जुन्या डेस्कटॉपला सहज मागे टाकेल, तासाभराचा व्हिडिओ कापायला बसलास की धापा टाकेल. त्यात रोज आठ तास चार्जिंगला लावून तापवलास, तर बॅटरी लवकर म्हातारी होणार. डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवता येते, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता येते. फोन घेतलास तसाच मरेपर्यंत वापरायचा.

शिवाय हिशेब कर. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, टेबल, खुर्ची ह्यातलं काय वाचलं तुझं? काहीच नाही. फोन फक्त त्या पत्र्याच्या डब्याची जागा घेतो. आणि तो डबा तसा स्वस्तातच मिळतो. चांगल्या अवस्थेतला रिफर्बिश्ड सीपीयू दहा-पंधरा हजारांत येतो. स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू घ्यायची, हा कुठला व्यवहार?

मग फोन-कॉम्प्युटर कुणासाठीच नाही का? आहे की. ज्याचं सगळं काम ब्राउझरात चालतं, जो आज ह्या गावी उद्या त्या गावी असतो, हॉस्टेलवर ज्याच्याकडे टेबलभर जागा नाही, त्याला तो देवासारखा आहे. छोटी उद्या पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला गेली, तर तिला मी हेच सांगेन: चित्र बाहेर देणारा फोन घे, एक कीबोर्ड घे, खोलीतल्या टीव्हीला लाव. पीडीएफ, व्हिडिओ, सराव परीक्षा, सगळं त्यात भागेल. तिच्यापाशी विकायला डेस्कटॉप नाही, आणि त्या फोनवर दुसरं कुणी अवलंबूनही नाही. तुझं तसं नाही.

माझं ऐकून निर्णय घेऊ नकोस. माझी फाइल अडली म्हणून तुझी अडेल असं नाही. पंधरा दिवस घे. सीपीयूची वायर काढ आणि त्याच्यावर चादर टाक, घरच्यांना सांगून. मॉनिटर राहू दे. मित्राचा चित्र बाहेर देणारा फोन मिळाला तर तो लाव, नाहीतर सरळ तुझ्याच फोनच्या पडद्यावर सगळी कामं कर. जवळ एक वही ठेव. जिथे काम अडलं, तिथे तारीख घालून एक ओळ लिही: काय करत होतो, काय झालं नाही, शेवटी कसं निभावलं. दाजींनाही लिहू दे, छोटीलाही. चादर किती वेळा काढावी लागली ते मोज. पंधराव्या दिवशी वहीत तुझ्या चार ओळी असतील आणि दाजींच्या अकरा. मग मला पत्र पाठवायची गरज पडणार नाही.

आणि वही कोरी राहिली, तर खुशाल फोन घे. दुकानातून, बिल घेऊन.

राहता राहिली ती मोहीम. कुणी तरी मोठ्या कंपन्यांच्या मुठीबाहेरचा फोन बनवावा, असं तुला मनापासून वाटत असेल, तर त्यांना थोडे पैसे जरूर दे. वेड्यांनी पैसे घातले नसते तर असल्या वस्तू कुणी करूनच बघितल्या नसत्या. पण मंडळाच्या गणपतीला देतोस तेवढे आणि तसे दे. पावती घे, पाया पड, विसरून जा. वर्गणी देणारा मूर्ती घरी न्यायला टेम्पो घेऊन जात नाही.

दाजी मंगळवारी बँकेच्या कामाला इकडे येतायत. त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीसोबत हब ठेवतेय आणि एक दोनशे पानी वही. चटणी तुमची, वही तुझी. हब मात्र परत हवाय, त्या पोराचा फोन मी अजून एकदा मागणार आहे.

ताईला नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी,
मावशी

ता. क. : डेस्कटॉपची जाहिरात टाकली असलीस तर आधी काढ. आणि विकायचा झालाच कधी, तर फोटो उतरवून घेतल्याशिवाय हार्ड डिस्क कुणाच्या हातात देऊ नकोस.